घाटातली जादा बैलजोडी

परवा सायकलप्रेमींच्या एका मेळाव्यात एका ज्येष्ठ सायकलस्वारांनी ठणकावून सांगितलं, की इलेक्ट्रिक सायकलीने सायकल चालवण्यातला आनंदच मारून टाकला. सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती. तिची इलेक्ट्रिक सायकल बाहेर इतर सायकलींच्या रांगेत उभी होती. टाळ्या थांबल्यावर ती एवढंच म्हणाली, "चल, निघू या." सभेत प्रश्न विचारायची सोय नव्हती, म्हणून उत्तर इथे देतो.

वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सायकल म्हणजे कष्ट, आणि कष्ट न करता गाठलेली उंची चोरीची. मोटर लावलेली सायकल ही सायकलच नव्हे, ती न बोलणारी स्कूटर. तिच्यावर व्यायाम होत नाही. तिच्या बॅटरीचा कचरा होतो. ज्याला चढ झेपत नाही त्याने सपाटीवर चालवावी. आणि शेवटचं वाक्य, ज्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या: घाम न गाळता जो घाटमाथ्यावर पोचतो, त्याला तिथलं वारं लागत नाही.

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. ही स्कूटर आहे म्हणता, तर आपला कायदा तसं मानत नाही. २५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही. व्यायाम होत नाही म्हणता, तर घाटात माझ्या बहिणीच्या मागे सायकल ठेवा, तिचा श्वास तुम्हाला ऐकू येईल. फसवणूक म्हणता, तर फसवणूक शर्यतीत होते. २०१६ साली बेल्जियममधल्या जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धेत सायकलीच्या नळीत लपवलेली मोटर सापडली आणि त्या खेळाडूवर सहा वर्षांची बंदी आली, ते योग्यच झालं. पण सासवडला भाजी आणायला निघालेली बाई कुणाशी शर्यत लावते आहे? बॅटरीचा कचरा हा खरा प्रश्न आहे, तो मी नाकारत नाही. मात्र इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीत अशा सायकलींच्या सात-आठ बॅटऱ्या बसतात, आणि त्या मेळाव्याला आलेल्या कितीतरी सायकली मोटारींच्या टपावर बांधून आल्या होत्या. त्या मोटारींच्या धुराबद्दल व्यासपीठावरून चकार शब्द निघाला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आनंद कष्टात आहे, कष्ट कमी केले की आनंद कमी झाला, असं हे गणित आहे. दिसायला भारदस्त, आणि पायापासून चुकीचं.

हे गणित खरं असेल तर उतारावर तुम्ही पाय का थांबवता? सुरुवातीच्या सायकलींना फ्रीव्हील नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच, उतार असो की चढ. पुढे फ्रीव्हील आलं आणि उतारावर पाय स्वस्थ ठेवून नुसतं वाहत जाण्याची सोय झाली. कात्रजचा बोगदा ओलांडून खाली झेपावताना मागच्या चाकातून येणारी ती टर्रर्र ऐका. त्या दोन-तीन मिनिटांत पायांना कष्ट जवळजवळ शून्य, आणि तोंडावरचं हसू मात्र आवरत नाही. वक्त्यांनी आयुष्यात तो उतार अनुभवलेला आहेच. त्याला त्यांनी कधी चोरीचा आनंद म्हटलेलं नाही.

मुळात सायकल हे यंत्रच कष्ट वाचवण्यासाठी जन्मलं. सपाट रस्त्यावर तेवढंच अंतर कापायला चालण्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी शक्ती सायकलीला पुरते. कष्ट हाच आनंदाचा एकमेव झरा असेल तर सायकल विकून पायी निघावं, आणि पायीही डोक्यावर गोणी घेऊन. तसं कुणी करत नाही. कारण सायकलीने पायांचं बळ वाढवलं हाच तिचा चमत्कार आहे, आणि तो आपल्याला पहिल्यांदा तोल सापडला त्या दिवसापासून ठाऊक आहे.

हा वाद नवा नाही. प्रत्येक पिढीने तो एकदा घातला आणि प्रत्येक वेळी कष्टवादी हरले. १८८८ साली बेलफास्टमधल्या एका पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेलं टायर बनवलं, तेव्हा भरीव रबरावर दौडणारे बहाद्दर त्या फुगीर चाकांना हसले. पुढच्याच वर्षी त्या चाकांनी शर्यती जिंकल्या आणि हसणं थांबलं. टूर द फ्रान्सच्या संस्थापकाचं मत होतं, की बदलता गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक. मर्दाने घाट एकाच गिअरवर, स्नायूंच्या जोरावर जिंकावा. १९०३ मध्ये सुरू झालेल्या त्या शर्यतीत चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारा गिअर वापरायला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. चौतीस वर्षं जगातले सर्वोत्तम सायकलपटू घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं बसवायचे, म्हणजे दुसऱ्या बाजूचं चक्र वापरता यावं. गिअर आले म्हणून त्या शर्यतीतला थरार संपला, असं आज कुणी म्हणेल?

आमच्याकडेही हेच झालं. माझ्या तरुणपणी गिअरच्या सायकली दिसू लागल्या तेव्हा कळकट काळ्या चोवीस इंची सायकलीवर पोसलेली मंडळी म्हणायची, "ही कसली सायकल? हे खेळणं." त्या वादात मी तावातावाने भांडलो होतो, आणि ज्यांच्याशी भांडलो त्यांतल्या बहुतेकांच्या सायकलींना आज मागे आठ, नऊ, दहा चक्रं आहेत. मेळाव्यातल्या वक्त्यांच्या सायकलीलाही आहेत, मी मोजली. गिअरने चढ सोपा केला तो चालला, मोटरने केला तो पाप, ही रेघ नेमकी कुणी आणि कुठे ओढली, हे त्यांनी सांगितलं नाही.

आता आपल्या मातीतलं उदाहरण देतो, कारण वक्ते स्वतःला या मातीतले म्हणवतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते. एरवी रथ ओढायला एक बैलजोडी पुरते. घाटात पुढे जादा जोड्या जुंपतात. हजारो लोक दरवर्षी ते दृश्य पाहतात, आणि त्यांतला एकही म्हणत नाही की यंदा वारी खोटी झाली. कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिनं लागतात आणि गाडी बोरघाट चढून लोणावळ्याला पोचते. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या आमच्या तीन पिढ्यांनी ते मागचं इंजिन लागतानाचा धक्का अनुभवलेला आहे. प्रवास आमचाच होता. चढ आला की जास्तीचं बळ लावायचं, हा या डोंगराळ मुलखाचा जुना शहाणपणा आहे. पायडलला साथ देणारी मोटर म्हणजे घाटातली जादा बैलजोडी.

"ज्याला झेपत नाही त्याने सपाटीवर चालवावी" हा सल्ला मला सगळ्यांत जास्त लागला. त्यामागे साधा हिशेबही केलेला नाही. सायकल धरून ९० किलो वजन १०० मीटर उंच न्यायचं, आणि तेही दहा मिनिटांत, तर नुसतं गुरुत्वाकर्षण हरवायला सतत दीडशे वॅटच्या आसपास ताकद लागते. सराव नसलेला साठीचा माणूस सलग शंभर वॅटच्या आसपास देऊ शकतो. हळू चढा म्हणाल, तर आठ टक्क्यांच्या चढावर शंभर वॅटमध्ये ताशी पाच किलोमीटरही वेग मिळत नाही, आणि एवढ्या कमी वेगात सायकलीचा तोल राहत नाही. पाय टेकावा लागतो. एकदा टेकला की चढावर पुन्हा सुरुवात करता येत नाही. मग सायकल हाताने ढकलत न्यायची, शेजारून जाणाऱ्या ट्रकांचा धूर खायचा. हा कष्टाचा आनंद नव्हे. हा आनंदाच्या दारात लावलेला उंबरठा आहे, आणि तो किती उंच ठेवायचा हे ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी ठरवायचं, असा वक्त्यांचा आग्रह आहे.

माझ्या बहिणीचे गुडघे शाबूत नाहीत. वय एकसष्ट. तिची जुनी लेडीज सायकल अकरा वर्षं जिन्याखाली गोणपाटाखाली पडून होती, आणि ती दूध आणायलासुद्धा स्कूटर काढायची. म्हणजे ज्या आनंदाचा खून झाला म्हणून वक्ते गळा काढतात, तो तिच्या घरी अकरा वर्षांपूर्वीच गेला होता, आणि त्यात कुठल्याही मोटरचा हात नव्हता. दीड वर्षापूर्वी तिने इलेक्ट्रिक सायकल घेतली. गेल्या ऑक्टोबरात एका रविवारी आम्ही दोघं कोंढव्याहून निघून बोपदेव घाट चढलो. ती पुढे, मी माझ्या साध्या गिअरच्या सायकलीवर मागे.

त्या घाटात मी जे पाहिलं ते सांगतो. पहिल्या वळणापर्यंत तिची मोटर जवळजवळ ऐकूच येत नव्हती. चढ वाढला तशी बारीक घूं सुरू झाली. तिच्या सायकलीत पायडलच्या आसापाशी दाब मोजणारा सेन्सर आहे. पाय जितका जोर लावतो त्या प्रमाणात मोटर भर घालते, आणि पाय थांबला की मोटरही थांबते. एका वळणावर टेम्पोला वाट द्यायला ती क्षणभर पायडल मारायची थांबली, तेव्हा सायकल तिथेच मंदावली. मग तिने दात आवळून पुन्हा पाय दाबले, आणि घूं पुन्हा सुरू झाली. चढली तीच. माथ्यावर मी पोचलो तेव्हा ती सीताफळांची टोपली घेऊन बसलेल्या बाईशी भावाची घासाघीस करत होती. हेल्मेट काढलेलं, कपाळाला केस चिकटलेले, कुडत्याची अख्खी पाठ ओली. खाली पुणं पसरलं होतं. ती म्हणाली, "कॉलेजात असताना चढले होते रे हा घाट. त्यानंतर आज."

घाम न गाळता पोचणाऱ्याला वारं लागत नाही म्हणणाऱ्यांनी ती ओली पाठ पाहायला हवी होती.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो. आपल्या बाजारातल्या बऱ्याच इलेक्ट्रिक सायकलींना मुठीत थ्रॉटल असतो. मूठ पिळायची, पाय स्थिर ठेवायचे आणि निघायचं. तसं चालवणाऱ्याबद्दल वक्त्यांचं म्हणणं खरं आहे, त्याला सायकलीचा आनंद मिळत नाही. पण त्याचं कारण त्याचे पाय थांबले हे आहे, वीज हे नव्हे. जिचे पाय फिरत आहेत तिला त्याच्या पंक्तीला बसवणं हा अन्याय आहे, आणि त्याला टाळ्या मिळाल्या म्हणून तो न्याय ठरत नाही.

मग सायकलीचा आनंद आहे तरी कशात? माझं उत्तर साधं आहे. आपले पाय फिरतात आणि आपण पुढे जातो, यात आहे. तोल आपला असतो, वळण आपण घेतो. वेग असा असतो की शेतातल्या माणसाला रामराम घालता येतो, आणि वाटेत पहिल्या पावसाचा वास आला की लगेच थांबता येतं. काच नाही, दार नाही. हे सगळं पायडलला साथ देणाऱ्या सायकलीवर जसंच्या तसं शिल्लक राहतं. कमी होते ती फक्त हार. नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तिथे डोंगर नाहीत, पण समोरून येणारा वारा आहे, आणि तिथे आज विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी जवळपास निम्म्या विजेच्या आहेत. त्या लोकांना सायकल कळत नाही, असं म्हणायचं धाडस मला होणार नाही.

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. ती ओळख बॅटरीने घालवली नाही. ती स्कूटरने घालवली, मोटारीने घालवली, सायकलवाल्याला कडेच्या गटारात ढकलणाऱ्या रस्त्याने घालवली. सायकल सोडून गेलेल्या माणसांना परत आणायचं एक साधन हाती आलं असताना, उरलेल्या मूठभरांनी दारात उभं राहून आत येणाऱ्याचा घाम तपासावा, याने सायकलीचं भलं होणार नाही. मी स्वतः साध्या सायकलीवर घाट चढतो आणि पाय चालतील तोवर चढणार आहे. ते कष्ट मला प्रिय आहेत. पण ते माझे आहेत, इतरांवर लादायचा कर नव्हे.

आनंद मारला गेला, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. कुणाचा मारला गेला? अशी एक व्यक्ती दाखवा, जिची साधी सायकल दुसऱ्याच्या मोटरमुळे तिला नकोशी झाली. ज्या व्यक्तीचा आनंद अकरा वर्षांनी जिन्याखालून बाहेर आला, ती त्या दिवशी तुमच्यासमोर, मागच्या रांगेत बसली होती.