राणी कलर आणि कोल्हापुरी

ट्रॅडिशनल डे जवळ आला की आमच्या गर्ल्स हॉस्टेलला ‘मॅचिंग’चं भूत लागतं. ड्रेस राणी कलरचा, मग सँडल, क्लिप, बांगड्या, पर्स, सगळं राणी कलरचं! मागच्या वर्षी मीसुद्धा महिन्याच्या खर्चाचे पैसे तसल्या सँडलवर उडवले आणि महिनाअखेर मैत्रिणींकडे उधारी केली. ती घातली एकदाच.

माझं मत विचाराल तर ड्रेस भडक असला की बाकी सगळं साधं हवं. कानात ऑक्सिडाइजचे झुमके, पायात कोल्हापुरी. बास! कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तो तपकिरी रंग राणी, पोपटी, मोरपंखी कशावरही जातो. (पावसात मात्र घालू नका. अनुभवाचे बोल!)

रूममेट म्हणायची, “अगं, गावठी दिसेल.” कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काळे बूट घातलेल्या मलाही तसंच वाटायचं. मग जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि हीच बाई मला मोबाईलवर फोटो दाखवायला आली!

यंदा माझा ड्रेस डाळिंबी आहे, चप्पल कोल्हापुरीच. राणी कलरची सँडल कॉटखाली आहे. साइज पाच. कुणाला हवी असेल तर घेऊन जा.