एका पाटीवरच्या तीन लिप्या

कर्नाटकातल्या औरादला आमच्या किराणा दुकानावर एक पत्र्याची पाटी होती. निळी जमीन, पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली. वर कन्नड, खाली डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. मी अंगणवाडीत असताना ती रंगवली गेली आणि दोन वर्षांपूर्वी उतरवली. आज ती गोदामात ज्वारीच्या पोत्यांमागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. मी पुण्यात डिझाइन शिकते. सुट्टीत घरी आले की आधी तिच्यावरची धूळ पुसते, मग जेवायला बसते.

ती रंगवणाऱ्या पेंटरला सगळं गाव चाचा म्हणायचं. खडूच्या भुकटीत बुडवलेली सुतळी ते पाटीवर ताणायचे, मधोमध टिचकी मारायचे आणि पांढरी रेघ उमटायची. पट्टी नाही, छापा नाही. अंतर बोटांनी मोजायचं. चपटा ब्रश चिमटीत जरासा फिरवला की जाड रेघ बारीक व्हायची. मी दुकानाच्या पायरीवर बसून बघत असे. एकदा ते म्हणाले, ‘‘बेटी, कन्नड बसतंय, मराठी लोंबतंय, उर्दू घसरतंय. तिघांना एका पाटीवर नांदवायचं तर आधी जागा बघावं लागतंय.’’

लिप्यांबद्दल इतकं नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही वर्गात ऐकलं नाही. देवनागरी खरंच शिरोरेषेला लोंबते. कन्नड अक्षरं गोल. ती तळाच्या रेषेवर पोट टेकून बसतात आणि बहुतेकांच्या डोक्यावर तलकट्टूचा छोटा तुरा असतो. नस्तालिक वळणाची उर्दू उजवीकडून वरून खाली उतरत येते. आमच्या गावाचंच नाव घ्या. मराठीत ‘औराद’ची तीन अक्षरं एका रेषेखाली एकमेकांना चिकटून उभी राहतात. उर्दूत ते अलिफ, वाव, रे, अलिफ, दाल असं लिहायचं. या पाचांपैकी एकही अक्षर पुढच्याला जोडलं जात नाही. म्हणून ते नाव उर्दूत लिहिताना पेंटरला पाच सुटे तुकडे नजरेनं एकत्र बांधावे लागतात. चाचांच्या पाटीवर ते पाचही एका दमात वाचता येतात. हे त्यांना कोणी शिकवलं होतं, मला माहीत नाही, पण ते शिकलेले होते एवढं नक्की.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी माझी वही चाळून एक शिक्षक म्हणाले, ‘‘तुमच्याकडे बघायला काही मिळत नसणार.’’ मी गप्प बसले. आज उत्तर देते.

औरादहून चाळीसेक किलोमीटरवर बिदर आहे. तिथे 1472 सालचा महमूद गवानचा मदरसा आहे. त्याचा एकच मिनार उरला आहे, पण दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशांतली अक्षरं अजून शिल्लक आहेत. रस्त्यावर उभं राहून मान वर केली की दिसतात. किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले जडवलेले आहेत. जवळच्या अष्टूरला अहमदशाह वलीच्या घुमटात आतून रंगवलेली वेलबुट्टी आणि सोनेरी अक्षरं आहेत. आणि बिदरी. जस्तात थोडं तांबं घालून भांडं ओततात, गुळगुळीत करतात, मोरचुदानं काळसर करून त्यावर हातानं नक्षी काढतात. मग छिन्नीनं खाच पाडून चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी नवसागर आणि किल्ल्यातली जुनी माती यांच्या पाण्यात भांडं घातलं की जस्त गडद काळं होतं. चांदी मात्र पांढरीच राहते. माती योग्य आहे का, हे कारागीर जिभेला लावून ठरवतात. 2006 साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं, 2023 साली बिदरीचे कारागीर शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री मिळाली. आम्हाला फार आनंद झाला. मला सांगायचंय ते एवढंच की बिदरीच्या कारागिराची रेघ आणि चाचांची रेघ मला एकाच घराण्यातली वाटते. दोघांनाही चूक खोडायची सोय नाही. एकीला काचेचं कपाट मिळालं, दुसरी भंगारात चालली आहे.

पाटीसारख्याच आमच्या बोलण्यातही भाषा एकत्र नांदतात. आमच्याकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कोपीखाली बसून भज्जी आणि आंबील खातात. आंबील मातीच्या बिंदगीतून नेतात. ‘बिंदगी’ हा शब्द कन्नडातून आला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं; तोवर तो माझ्या आजीचाच होता. 1956 च्या 1 नोव्हेंबरला जुना बिदर जिल्हा भाषेवरून वाटला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, औराद-भालकी म्हैसूर राज्यात. त्या वाटणीबद्दल आजवर खूप लिहिलं गेलं. कुठली भाषा वर, कुठली खाली, कुठली मोठी, हे भांडण मी लहानपणापासून ऐकते आहे. 2024 पासून कर्नाटकात पाटीचा साठ टक्के भाग कन्नडात हवा, असा कायदा आहे. राज्याची भाषा ठळक असावी, यात मला काहीच गैर वाटत नाही. पण साठही सुबक हवेत आणि चाळीसही. टक्के मोजायला कोणीही येतं. अक्षर नीट आहे का, ते कोणी बघत नाही.

आमच्या दुकानावर आता फ्लेक्स आहे. दुकान बघणाऱ्या अप्पांना दोष नाही. तो स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत मिळतो. पण त्यात ‘श्री’ फुटून श, हलन्त आणि री झाला आहे. कन्नडमधली ओत्तक्षरं, म्हणजे खाली बसणारी जोडाक्षरं, मूळ अक्षरापासून तुटली आहेत. जागेत मावावं म्हणून उर्दू आडवी ताणली आहे. तिन्ही भाषांचा सारखाच अपमान. अप्पा म्हणतात, ‘‘वाचता येतंय की.’’ वाचता येतं. पण रोज तेच बघत मोठी होणारी मुलं उद्या ‘श्री’ तसाच लिहितील, याची मला भीती वाटते.

यंत्रावर चांगली अक्षरं होतच नाहीत, असं नाही. संगणकावरचं देवनागरी ‘मंगल’ आणि कन्नड ‘तुंगा’ ही दोन्ही वळणं र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडली. मुंबईच्या आयआयटीत शिकवलेल्या मराठी सुलेखनकारानं कन्नड अक्षराकडेही तितक्याच मायेनं पाहिलं. हे कळल्यावर मला धीर आला. मीही अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी चाचांच्या पाट्यांवरून तीन लिप्यांचं एक अक्षरकुटुंब काढते आहे. अडते ती रफारावर. चाचांचा रफार वाऱ्यानं उडाल्यासारखा मागे झुकतो. माझा अजून खिळ्यासारखा उभा राहतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. औराद, भालकी, कमलनगर, उदगीरच्या शाळांत चित्रकलेच्या तासाला उरलेल्या पेंटरांना बोलवा आणि त्यांना त्याचे पैसे द्या. डिझाइनच्या कॉलेजांनी सीमाभागातल्या मुलांना ‘काय पाहिलंस?’ असं विचारावं. काय पाहिलं नाही, ते आधीच ठरवू नये. ग्रामपंचायतीनं नवी कमान उभारली तर तिच्यावरचं नाव हातानं लिहून घ्यावं.

आणि तुम्ही, वाचणारे. तुमच्या दुकानाची, पिठाच्या गिरणीची, तालमीची जुनी रंगवलेली पाटी उतरवणार असाल तर भंगारवाल्याला देण्याआधी तिला उन्हात आणा. समोर उभं राहून, मोबाइल सरळ धरून एक फोटो काढा. कोपऱ्यात पेंटरची सही असेल, तीही फोटोत येऊ द्या.