गुप्त ग्राहकाने पंपावर पाहिले तेवढेच लिहावे

बाजारात बसणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दुकानी आपला माणूस पाठवण्याची रीत नवी नाही. समोरच्या पेढीवर आज कोणता भाव निघाला, थान सांगितले तेवढ्या मीटरचे भरते की नाही, उधारीच्या गिऱ्हाइकाशी तिथे कसे बोलतात, हे पाहायला व्यापारी ओळखीचा चेहरा पाठवत नाही, अनोळखी पाठवतो. अमेरिकेत याच रीतीचा रीतसर धंदा झाला आणि त्याला 'मिस्ट्री शॉपिंग' असे नाव पडले. तिथल्या तेल कंपन्या पगारी साहेब पाठवण्याऐवजी साध्या गिऱ्हाइकाच्या वेषात माणूस पाठवून पंपांची पाहणी करवतात. आपल्याकडेही तेल कंपन्या त्रयस्थ संस्थांकडून अशी गुप्त पाहणी करून घेतात. हे काम रोजंदारीसारखे असते. एका पंपाला भेट द्यायची, छापील फॉर्म भरायचा, ठरलेले पैसे घ्यायचे. आपल्या मोहल्ल्यातील शिकलेली पण बिनकामाची मुले हे काम करू लागली आहेत, आणि आपल्या व्यापारी बांधवांत पंपांचे मालकही आहेत. दोन्ही बाजू आपल्याच असल्याने या मामल्यावर चार शब्द लिहिणे आम्हाला जरूरीचे वाटते.

प्रश्न असा आहे. फॉर्म छापणारा असे धरून चालतो की पंप चालू असेल, मशीन नीट असेल, बिल मिळेल आणि कोणी काही विचारणार नाही. प्रत्यक्षात यातले एखादे तरी बिघडते. तेव्हा गुप्त ग्राहकाने काय करावे? आमचे मत सरळ आहे. जे पाहिले तेवढे लिहावे, जे पाहता आले नाही तेही लिहावे, आणि कारणाचा अंदाज आपल्या पदरचा घालू नये. हे ऐकायला सोपे वाटते, पण याच एका गोष्टीवर कोणाची तरी रोजी टिकते किंवा जाते.

इथे अमेरिका आणि आपला देश यांत एक मोठा फरक आहे. तिथे न्यू जर्सीसारखे राज्य सोडले, जिथे कायद्याने गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही, तर बहुतेक ठिकाणी माणूस आपल्या हातानेच गाडी भरतो. म्हणून तिथली पाहणी पंपाच्या आवाराची, दिव्यांची, संडासाची आणि शेजारच्या दुकानाची असते. आपल्याकडे नळी पंपावरच्या पोराच्या हातात असते. आपल्या फॉर्ममध्ये पहिला प्रश्नच त्याच्याबद्दल असतो: त्याने मीटरचा शून्य दाखवला का, गणवेष होता का, बिल दिले का. फॉर्मवर नाव पंपाचे असते, पण त्याचा मार बसतो त्या पोरावर. मालकाला कंपनीकडून पत्र आले की तो आधी पोराला काढतो, चौकशी मागाहून.

अडचणी कोणत्या आणि त्यांचे काय करावे

आमच्या ओळखीचा एक तरुण हे काम करतो. एका पंपावर बिलाच्या यंत्रातील कागदाचा रोल संपला होता. पोराने माफी मागून हाताने पावती लिहून दिली. फॉर्मवर मात्र दोनच चौकोन होते, 'बिल दिले' आणि 'बिल दिले नाही'. छापील बिल जोडले नाही तर भेटीचे पैसे अडतात, म्हणून तो दुसऱ्या चौकोनात खूण करायला निघाला होता. आम्ही त्याला म्हटले, खूण करू नको, खाली लिही: 'यंत्रातील रोल संपला होता, मागितल्यावर हाताने लिहिलेली पावती दिली.' ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. पण 'दिले नाही' म्हणणे आणि ही ओळ लिहिणे यांत पोराच्या महिन्याच्या पगाराएवढा फरक आहे.

दुसरी अडचण पंप बंद असण्याची. टँकर आला की टाकीत तेल उतरवताना सुरक्षेसाठी विक्री थांबवतात. वीज जाते. माल संपतो. अशा वेळी किती वाजता पोहोचलो, काय सांगितले गेले, किती वेळ थांबलो, एवढे लिहावे आणि परत यावे. 'मालकाने जाणूनबुजून बंद ठेवला' हे वाक्य कोणाच्याही फॉर्ममध्ये शोभत नाही, कारण ते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते.

तिसरी अडचण ओळखले जाण्याची. तुम्ही मीटरकडे जास्त वेळ पाहिले, खिशातून कागद काढला, की पोरगा विचारतो, "चाचा, कंपनीकडून आलात का?" काहींना वाटते की इथे खोटे बोलणे हेच काम आहे. आम्हाला ते पटत नाही. उत्तर न देता पैसे चुकते करावेत आणि निघावे. फॉर्मवर लिहावे की अमुक वेळी संशय आला, त्यापुढची वागणूक खरी धरू नये. ओळख पटल्यावर मिळालेला सलाम आणि ओळख पटण्याआधी मिळालेली वागणूक यांची बेरीज करून गुण देणे म्हणजे दोन प्रतींचा माल एकाच थानात गुंडाळून विकणे होय.

चौथी अडचण मोबाईलची. पंपावर मोबाईल वापरू नये अशी पाटी असते आणि तिच्याच शेजारी मोबाईलने पैसे देण्याचा चौकोनी छाप लावलेला असतो. संस्थेला तर फोटो पुराव्यासाठी हवे असतात. पेट्रोलची वाफ पेट घेते. नळी चालू असताना तिच्याजवळ जाऊन फोटो काढणे हा शहाणपणा नाही. फोटो नसला तर नसू द्या. मशीनचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि लिटर लिहून घेतले तरी पुरते.

मापात शंका आली तर

सर्वांत नाजूक मामला मापाचा. इथे सामान्य गिऱ्हाइकाला जे हक्क आहेत ते गुप्त ग्राहकालाही आहेत, जास्त नाहीत. पंपावर वैधमापन खात्याने छाप मारलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि मागितल्यास त्यात तेल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरले तर तक्रारीला जागा आहे. भेसळीच्या शंकेसाठी फिल्टर पेपर मागता येतो. पेट्रोलचा थेंब काही मिनिटांत उडून जातो, डाग मागे राहिला तर संशय. घनता मोजायची साधनेही पंपावर असतात.

आता माप मागितले आणि व्यवस्थापक म्हणाला, "किल्ली मालकाकडे आहे, ते गावाला गेलेत," तर? इथे वाद घालू नये. मागे गाड्यांची रांग असते, भोंगे वाजतात, दोन माणसे तुमच्यावरच ओरडतात. 'माप मागितले, दिले नाही, हे कारण सांगितले' असे लिहावे. हे वाक्य अपुरे नाही. माप न दाखवणे हीच मोठी बातमी आहे, आणि ती खरी आहे. याउलट, माप न पाहता 'तेल कमी भरले' असे लिहिणे हा आरोप आहे, आणि तो टिकत नाही.

अंदाज कसे फसतात याची दोन उदाहरणे देतो. 'माझ्या गाडीची टाकी बारा लिटरची, मशीनने तेरा दाखवले, म्हणजे चोरी!' ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. परंतु गाडीच्या पुस्तकात लिहिलेली क्षमता आणि काठोकाठ भरल्यावर मावणारे तेल हे एक नसते, दुसरे जास्त भरते. दुसरे उदाहरण पावसाळ्याचे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल पाण्याबरोबर खाली बसते आणि गाडी बंद पडते. हे पाणी पंपाच्या टाकीत शिरले, की गाडीच्या, की कोणी मुद्दाम घातले, हे बाटलीकडे पाहून सांगता येत नाही. बाटलीत काय दिसले ते लिहावे, निकाल तपासणाऱ्यावर सोडावा.

याचा अर्थ पंपांवर चोरी होत नाही असा मुळीच नाही. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष दलाने लखनौत पंपांच्या मशीनमध्ये बसवलेल्या चिप पकडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातील अनेक पंपांवर छापे घालून मशीनमधली अशीच लबाडी उघडी केली. अशा मशीनमध्ये पडद्यावर आकडा पुरा दिसतो आणि नळीतून तेल कमी येते. शंभराऐवजी एकशे दहाचे पेट्रोल घ्या, असा सल्ला लोक देतात. चिपपुढे तो कुचकामी आहे, कारण चिप रकमेला नव्हे, मोजण्यालाच फसवते. आता विचार करा, ही चिप कोणाच्या मर्जीने बसते? नळी धरणाऱ्या पोराच्या खचितच नाही. गुप्त ग्राहकाने तिथे जाऊन 'पोराने हसून स्वागत केले नाही' याचे गुण कापले आणि माप मागायचे टाळले, तर चोर सुटला आणि मजूर अडकला.

बहादुरी दाखवण्याची ही जागा नाही

कधी कधी अडचण धमकीच्या रूपाने येते. मालकाची माणसे गाडीभोवती जमतात, फॉर्म हिसकावतात. तेव्हा काम तिथेच सोडून निघून जावे. तेलाच्या धंद्यातील काळा पैसा कोणत्या थराला जातो हे आपण पाहिले आहे. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण विक्री अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा गोळ्या घालून खून झाला. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. मालेगावच्या आमच्या यंत्रमागवाल्या बांधवांना तर २५ जानेवारी २०११ चा दिवस विसरता येणार नाही. त्यांचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले. हे दोघेही अधिकारी होते, त्यांच्या मागे कायदा होता. ठरलेल्या चार पैशांसाठी गेलेल्या मुलाच्या मागे कोणीच नसते. तो ना इन्स्पेक्टर आहे, ना पोलीस. त्याने सुरक्षित घरी येऊन जे घडले ते वेळेसह लिहावे. झडती घेणे आणि मशीनला सील ठोकणे हे वैधमापन खात्याचे काम आहे, आणि त्यासाठी २००९ चा कायदा त्याच्या हाती आहे.

काही दीनदार बांधव विचारतात की वेष पालटून दुसऱ्याची टोह घेणे जायज आहे काय. शंका रास्त आहे. पण बाजारातील माप ही कोणाची खाजगी बाब नव्हे. जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब नावाचा अंमलदार बाजारात फिरून वजने-मापे पाहत असे. मात्र नजर मापावर, बिलावर आणि वागणुकीवर राहावी. पोरगा कोठला, कोणत्या जातीचा, मालक कोणाचा माणूस, ही चौकशी पाहणीत बसत नाही.

काम देणाऱ्यांनीही सुधारावे

दोष सगळा ग्राहकाचा नाही. जी संस्था 'भेट पूर्ण झाली तरच पैसे' असे म्हणते, ती स्वतःच खोटे लिहायला लावते. पंप बंद निघाला तरी पेट्रोल आणि वेळ खर्च झालेलाच असतो, त्याचा मोबदला द्यावा. प्रत्येक प्रश्नाला 'होय' आणि 'नाही' यांबरोबर 'पाहता आले नाही, कारण' असा तिसरा रकाना ठेवावा. एका भेटीवरून कोणाला कामावरून काढू नये, दुसऱ्या माणसाची दुसरी भेट व्हावी. पंपमालक बांधवांना आमची विनंती की पत्र आले तर पोराला बोलावून आधी त्याची बाजू ऐकावी. आणि तरुणांना एक इशारा. काम देण्याआधी नोंदणीची फी मागणारा, किंवा खात्यात चेक भरायला देऊन त्यातले पैसे पुढे पाठवायला सांगणारा, हा ठग समजावा. अमेरिकेत या नावाखाली बनावट चेकने कित्येकांना बुडवले आहे.

आपण कापडवाले जाणतो की ताणून मोजलेले कापड गजावर पुरे भरते आणि शिंप्याच्या टेबलावर कमी पडते. अहवालाचेही तसेच आहे. रिकामी जागा अंदाजाने ताणून भरली की फॉर्म पुरा दिसतो, पण त्यावर कोणाचा इन्साफ करायला बसले की तो कमी पडतो. म्हणून हे काम करणाऱ्या मुलांनी रिकाम्या जागेची लाज धरू नये. 'पाहता आले नाही' हे तीन शब्द दयानतीने लिहिणाऱ्याच्या बाकी शब्दांना बाजारात किंमत येते.