'न्यायाची फौज' न्याय देत नाही

सातारा-सांगलीच्या मातीतला एक माणूस २०१६ पासून पाकिस्तानच्या तुरुंगात आहे. कुलभूषण जाधव यांचा जन्म सांगलीचा, गाव जावळी तालुक्यातलं आनेवाडी. महामार्गावरच्या टोलनाक्यामुळे या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. जाधवांच्या नावाने आपल्याकडे भाषणं भरपूर झाली. पण ते त्या तुरुंगात पोचले कसे, असं कुणाला विचारलं तर एका शब्दात उत्तर मिळतं : पाकिस्तान. मधला एक दुवा सगळेच गाळतात. त्या दुव्याबद्दल आम्हाला लिहायचं आहे, कारण तो समजून घेतला नाही तर आपल्या चळवळीतल्या पोरांची दोन्हीकडून दिशाभूल होते.

भारत सरकारची भूमिका अशी की जाधव नौदलातून निवृत्ती घेऊन इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथूनच त्यांचं अपहरण झालं. पाकिस्तान म्हणतं की ३ मार्च २०१६ रोजी आम्ही त्यांना बलुचिस्तानात माश्केलजवळ पकडलं, ते हेर आहेत. बेपत्ता बलुचांसाठी लढणारे मामा कदीर यांनी २०१८ मध्ये एका भारतीय वाहिनीला सांगितलं की जाधवांना इराणच्या चाबहारमधून मुल्ला उमर इराणी नावाच्या माणसाने उचललं आणि पैसे घेऊन आयएसआयच्या हवाली केलं. हा मुल्ला उमर जैश अल-अदल या संघटनेचा, असं आपल्या वृत्तपत्रांनी छापलं. हा दावा कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हेही आम्ही इथेच लिहून ठेवतो. पण ही संघटना काय चीज आहे, हे पाहायला त्या दाव्याची गरज नाही. तिची स्वतःची कामगिरी जगासमोर आहे.

जैश अल-अदल म्हणजे न्यायाची फौज. इराणच्या सिस्तान-बलुचिस्तान प्रांतात लढणारी ही सुन्नी सशस्त्र संघटना २०१२ मध्ये उभी राहिली. तिच्या आधी तिथे जुंदल्लाह होती. तिचा म्होरक्या अब्दुलमलिक रिगी याला इराणने जून २०१० मध्ये फाशी दिलं आणि त्या राखेतून ही नवी फौज निघाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिने सारावानजवळ १४ सीमारक्षक मारले. फेब्रुवारी २०१९ मध्ये खाश-जाहेदान रस्त्यावर बसवर आत्मघाती हल्ला करून रिव्होल्यूशनरी गार्डचे २७ जण मारले. डिसेंबर २०२३ मध्ये रास्कच्या पोलीस ठाण्यात ११ पोलीस मारले. आणि २६ जुलै २०२५ रोजी ही न्यायाची फौज कुठे गेली? जाहेदानच्या न्यायालयात. तिथे मारल्या गेलेल्या सामान्य माणसांत एक लहान मूल आणि त्याची आई होती. कोर्टात तारखेला आलेल्या माणसांवर गोळ्या झाडणारी न्यायाची फौज!

आता आमचे काही मित्र म्हणतील, तुम्ही इराणच्या मुल्लांची वकिली करता. अजिबात नाही. बलुचांवरचा अन्याय खरा आहे आणि आंबेडकरी माणसाला तो समजायला वेळ लागू नये. त्यांची भूमी १८७१ मध्ये गोल्डस्मिड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या रेषेने कापली गेली. एकाच कुळातली माणसं दोन देशांची झाली. इराणच्या संविधानात शिया पंथ हा राजधर्म आहे आणि त्याच्या ११५ व्या कलमानुसार सुन्नी माणूस राष्ट्राध्यक्षच होऊ शकत नाही. म्हणजे जन्मावरून दुय्यम नागरिकत्व, तेही लेखी. रोजगार नाही म्हणून तिथले तरुण गाड्यांत डिझेल भरून सीमेपलीकडे नेतात आणि गोळी खातात. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये इराणमध्ये फाशी गेलेल्यांत साधारण २० टक्के बलुच होते, लोकसंख्येत ते ५ टक्क्यांच्या आसपास असताना. ही आकडेवारी वाचून ज्याला आपल्या देशातल्या तुरुंगांतले दलित, आदिवासी आणि मुस्लिम कच्चे कैदी आठवणार नाहीत, त्याने समाजशास्त्राचं पुस्तक मिटून ठेवावं.

म्हणून प्रश्न असा नाही की बलुचांवर अन्याय होतो का. प्रश्न हा आहे की त्यांच्या नावाने बंदूक उचलणाऱ्यांनी त्यांना काय दिलं?

सारावानमध्ये १४ सीमारक्षक मारले गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी इराणने तुरुंगात असलेल्या १६ कैद्यांना फासावर लटकवलं आणि हा बदला आहे असं अधिकाऱ्यांनी उघड सांगितलं. गोळ्या झाडणारे डोंगरात निघून गेले, फास आधीपासून कोठडीत असलेल्यांच्या गळ्यात पडला. जानेवारी २०२४ मध्ये याच संघटनेचे तळ म्हणून इराणने पाकिस्तानातल्या पंजगूरवर क्षेपणास्त्रं टाकली. दोन मुलं मेल्याचं पाकिस्तानने सांगितलं. दोन दिवसांत पाकिस्तानने आपल्या बलुच बंडखोरांच्या नावाने सारावान भागात बॉम्ब टाकले, तिथेही बायका-मुलं मेली. दोन देश भांडले आणि दोन्हीकडे मेले बलुचच.

तेव्हा आपल्याकडे मोबाइलवर काय चाललं होतं? पाकिस्तानात बॉम्ब पडले म्हणून एक गट खूश. इराणचे शत्रू म्हणून दुसरा गट न्यायाच्या फौजेवर खूश. शत्रूचा शत्रू तो मित्र, हे चाणक्याचं शहाणपण असेल, बुद्धाचं नाही. जी संघटना आज सीमेवरचा शिपाई पळवते, ती उद्या तुमच्या जिल्ह्यातल्या माणसालाही पळवू शकते. तिच्या लेखी माणूस म्हणजे माल. कदीर यांचा दावा खरा असेल तर बलुचांच्या मुक्तीसाठी लढतो म्हणणाऱ्याने, बलुच तरुणांना गायब करण्याचा आरोप ज्या यंत्रणेवर आहे, तिलाच माणूस विकला.

याच जाहेदानमध्ये दुसराही रस्ता आहे. ३० सप्टेंबर २०२२ च्या शुक्रवारी मक्की मशिदीजवळ सुरक्षा दलांनी जमावावर गोळ्या झाडल्या, कित्येक माणसं मेली. त्यानंतरही मौलवी अब्दुलहमीद यांनी बंदुकीची हाक दिली नाही. लोक महिनोन्‌महिने दर शुक्रवारी नि:शस्त्र रस्त्यावर येत राहिले. त्यांत बलुच स्त्रियाही होत्या. सीमेच्या अलीकडे, पाकिस्तानात, डॉ. महरंग बलोच या तरुणीने डिसेंबर २०२३ मध्ये तुर्बतहून इस्लामाबादपर्यंत स्त्रियांचा मोर्चा नेला. मागणी एकच : आमची माणसं कोर्टात उभी करा. मार्च २०२५ मध्ये तिलाच अटक झाली. आंबेडकरी चळवळीला सीमेपलीकडे नातं जोडायचं असेल तर ते या मोर्च्याशी जोडावं.

आता सगळ्यात जड आक्षेप. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडा असं सांगितलं, पण ते संवैधानिक मार्ग उघडे असताना. जिथे ते बंदच आहेत तिथे काय? आक्षेप खरा आहे, टाळून चालणार नाही. पण महाड आठवा. मार्च १९२७ मध्ये संविधान नव्हतं, मतदानाचा सार्वत्रिक हक्क नव्हता, चवदार तळ्याचं पाणी प्यालं म्हणून आपली माणसं लाठ्यांनी फोडली गेली. त्या दिवशी महाडात सैन्यातून निवृत्त झालेले महार जवान हजर होते. बंदूक कशी धरतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे दहा वर्षं खटला चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. इंग्रजांच्या कोर्टात, सवर्णांच्या गावात, रिकाम्या खिशाने. मार्ग उघडा नव्हता, तो ढकलून उघडला.

सांगलीकर इथे पत्री सरकारची आठवण देतील. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलची तुफान सेना, १९४३ मध्ये शेणोलीला लुटलेली रेल्वे. तो इतिहास आमचाही आहे. पण पत्री सरकारचं भांडण परक्या सत्तेशी आणि गावगुंड-सावकारांशी होतं. पंथ बघून शेजाऱ्याचा गळा त्यांनी कापला नाही. त्याची तुलना शिया प्रार्थनास्थळांत बॉम्ब फोडणाऱ्या जुंदल्लाहच्या वारसांशी करणं हा नाना पाटलांचा अपमान आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ज्याने वाचला आहे त्याला रोहिणी नदी माहीत आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवरची नदी, पाण्यावरून हाणामारी, आणि संघात युद्धाचा ठराव. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, आधी चौकशी करा. आपले दोघं, त्यांचे दोघं, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि निवाडा करावा. ठराव बहुमताने पडला, पण सिद्धार्थ युद्धाला गेला नाही, त्याने परिव्रज्या घेतली. ही कथा बाबासाहेबांनी उगाच ग्रंथाच्या सुरुवातीला आणलेली नाही. सीमेवरच्या भांडणात बौद्धाची जागा कुठे, हे त्यांनी तिथे दाखवलं आहे.

आणि जाधवांचा जीव आजवर कशाने वाचला? तोही निवाड्याने. १० एप्रिल २०१७ रोजी पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने बंद दाराआड त्यांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १८ मे रोजी फाशीला स्थगिती आली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला : अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला भेटण्याचा हक्क व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने आहे, पाकिस्तानने तो मोडला, शिक्षेचा फेरविचार करा. हेरगिरीचा आरोप आहे म्हणून हा हक्क जात नाही, हेही न्यायालयाने सांगितलं. सुटकेची भारताची मागणी मान्य झाली नाही. पण दोर गळ्यापासून लांब राहिला. निकाल वाचणारे न्यायालयाचे अध्यक्ष अब्दुलकवी युसूफ हे सोमालियाचे, मुसलमान. जाधवांचं नाव घेऊन इथल्या मुसलमानांना शिव्या देणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

कारण ते नाव घेऊन इथे काय पेरलं जातं ते आम्ही वस्त्यांमध्ये पाहतो. कुठे सीमेवर काही झालं की मिरजेच्या फळवाल्याने देशभक्तीचा दाखला द्यायचा. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला आणि एक मुस्लिम तरुण मारला गेला. तिथे कुणी चौकशी केली? कुणी पाचवा माणूस निवडला? पंथ पाहून माणूस मारायचा आणि त्याला न्याय म्हणायचं, ही जाहेदानची रीत आणि ही रीत वेगळी कशी, ते आम्हाला समजावून सांगा.

२५ डिसेंबर २०१७ रोजी जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या. मध्ये काच. भेटीआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली. आई लेकाशी मराठीत बोलू लागली तर तिला अडवलं. परराष्ट्र मंत्रालयाने हे जाहीर केलं तेव्हा सगळा महाराष्ट्र चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. पण त्याच वर्षी, त्याच्या दीडच महिना आधी, जाधवांच्या जन्मगावी, सांगलीत, एक तरुण पोलीस कोठडीत मेला. त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला गेला आणि तो पळून गेला असं सांगितलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या विटंबनेनंतर पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मेला. त्यांच्या आयांचा आक्रोश मराठीतच होता. तो ऐकताना किती जण चिडले?

कोठडीतल्या माणसाचा हक्क देश बघून, जात बघून, धर्म बघून ठरत असेल तर तो हक्क नाहीच, ती मेहेरबानी आहे. बाबासाहेबांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशीची शिक्षाच रद्द करावी, असं मत मांडलं होतं. त्या मतावर उभं राहूनच आम्ही जाधवांची फाशी नको म्हणतो, जाहेदानच्या बलुच कैद्यांची नको म्हणतो आणि आपल्या देशातलीही नको म्हणतो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचं नाव दाखल झालं. त्या पोराच्या हातात पाटी आली, म्हणून देशाच्या संविधानात न्याय हा शब्द आला. तरुण मित्रांनो, तुमच्या हातात कोण काय देऊ पाहतंय, त्यावर लक्ष ठेवा. प्रत्येक वस्तीत अटकेनंतरचे हक्क तोंडपाठ असणारी दहा पोरं-पोरी तयार करा : अटकेचं कारण विचारणं, वकील मागणं, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायला लावणं. संविधानाचं २२ वं कलम भिंतीवर लिहा. आणि पुढच्या वेळी जाधवांचं नाव घेऊन कुणी मुस्लिम मोहल्ल्याकडे मोर्चा वळवू लागला, तर आधी तिथे जाऊन उभे राहा.

जय भीम! जय संविधान!