पोढीतले पाणी

वाचकहो, गेल्या खेपेस आपण कोटातील राजाबाई टॉवरच्या पायथ्याशी उभे होतो. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण करणारा तो मनोरा १८७८ साली पुरा झाला. व्यापाऱ्याच्या दानाचा तो माग धरून आज आपण याच मुंबईत आणखी सुमारे सतराशे वर्षे मागे जाणार आहोत. ठिकाण आहे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी.

कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्या घराघरांत यात्रेचे बेत सुरू होतात. तथापि पेढी आठवडाभर बंद ठेवणे सर्वांनाच साधत नाही. अशांसाठी कान्हेरी हा एका रविवारचा प्रवास आहे. आम्ही गेलो तो मुलांच्या हट्टाने. माझी कन्या आणि पुतण्या यांनी परस्पर बेत ठरवला आणि दादा व मी कित्येक महिन्यांनी एका गाडीत शेजारी बसलो.

या अबोल्याचे कारण सांगितल्यावाचून पुढची हकीकत उमगणार नाही. आमच्या वडिलांनी मशीद बंदरच्या पेढीतून थोडी रक्कम वेगळी काढून ठेवली होती. गल्लीच्या तोंडाशी हमाल ओझे टेकवून क्षणभर उभे राहतात, तेथे एक पाणपोई व्हावी अशी त्यांची इच्छा. ते गेले आणि पाठोपाठ पेढीच्या वाटण्या झाल्या. पाणपोईवर संगमरवरी फरशी बसवायची, तर तिच्यावर कोणत्या पेढीचे नाव घालायचे? जुने नाव दादाकडे, जुनी जागा माझ्याकडे. शब्दाने शब्द वाढला आणि चार वर्षे ती रक्कम बँकेत पडून राहिली.

उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. काळ्या बेसाल्टच्या एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरलेली आहेत. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, असे येते. कान्हेरी हे त्याचेच रूप. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती सुरू झाली आणि ती हजारभर वर्षे टिकली. पावसाळ्याचे महिने एका जागी राहून काढण्याची श्रमणांची रीत आपल्याला परकी नाही. त्या वर्षावासासाठीच खोल्या, दगडी ओटे आणि सभागृहे येथे कोरली गेली.

ती कोरण्याचा खर्च कोणी केला, हे भिंतींवरच लिहिलेले आहे. ब्राह्मी लिपीतील आणि प्राकृत भाषेतील ते लेख अभ्यासकांनी वाचले आहेत. त्यांत राजांची नावे थोडी, गृहस्थांची पुष्कळ. कोणी सोपाऱ्याचा, कोणी कल्याणचा, कोणी चेमुलचा, म्हणजे आजच्या चौलचा. कोणी ‘नेगम’ म्हणजे व्यापारी, कोणी ‘सेठी’, कोणी सोनार, कोणी लोहार. सोपारा म्हणजे आपले नालासोपारा. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून काढला, आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना तेथेच मिळाला. जैन ग्रंथांतही या बंदराचा उल्लेख सोपारक या नावाने येतो. सोपारा आणि कल्याण या दोन बाजारपेठांना साष्टीतला हा डोंगर जवळचा होता. गलबतावर आणि बैलांच्या पाठीवर जो पैसा कमावला, त्यातील काही भाग या काळ्या दगडात उतरला.

मुलांना सर्वांत नवल वाटले ते एका शब्दाचे, ‘अक्षयनीवी’. त्याचा अर्थ असा की, दान दिलेले मुद्दल खर्च करावयाचे नाही, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवावयाच्या. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात तर व्याजाचा दरही कोरला आहे. तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले होते. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि उरलेले एक हजार शेकडा पाऊण दराने. हे ऐकून पुतण्या म्हणाला, “म्हणजे काका, आपल्या पाणपोईची रक्कमही अक्षयनीवीच झाली की! मुद्दलही तसेच आणि व्याजही तसेच.”

दादा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

तिसऱ्या क्रमांकाचे लेणे हे येथील मोठे चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. घडण कार्ल्याच्या चैत्याची आठवण करून देणारी. ओसरीच्या दोन टोकांना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत, त्या नंतरच्या काळातल्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील एक लेख येथे प्रवेशापाशी आहे. अक्षरे बरीच झिजली आहेत. हे चैत्यगृह कोरवले ते दोघा व्यापारी बंधूंनी. त्यांपैकी एकाचे नाव गजसेन. मी घरून टिपण करून आणले होते, ते मुलांना वाचून दाखवले. ‘दोघा बंधूंनी’ या शब्दापाशी माझा आवाज किंचित अडखळला, हे कन्येच्या ध्यानात आले असावे.

चैत्यगृहातून वर चढत गेले की कान्हेरीचे खरे वैभव दिसते. ते म्हणजे पाणी. डोंगराच्या उतारावर पडलेला पाऊस वाया जाऊ नये म्हणून खडकात उथळ पन्हळी खोदल्या आहेत. त्या एकीतून दुसरीत उतरतात आणि लेण्यांपाशी कोरलेल्या टाक्यांत पाणी आणून सोडतात. या टाक्यांना लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. पोढी कोरवून देणे हे स्वतंत्र दान मानले जाई. कोणी लेणे दिले, कोणी केवळ पोढी दिली. पाऊस थांबून दोन महिने होत आले होते, तरी आम्ही पाहिलेल्या पोढ्यांत पाणी होते. याच डोंगररांगांत इंग्रजी अमदानीत विहार आणि तुळशी हे तलाव बांधले गेले, ज्यांचे पाणी मुंबईने प्यायले. पाणी धरून ठेवण्याची या डोंगराची ख्याती त्याहून कितीतरी जुनी आहे.

एका पोढीच्या काठाशी दादा बराच वेळ उभे राहिले. बाजूला लेखाच्या दोन ओळी होत्या, ऊनपावसाने इतक्या पुसलेल्या की बोट फिरवूनच अक्षरे जाणवावीत. “हे कोणी दिले?” त्यांनी विचारले. मी टिपण चाळले. या पोढीची नोंद माझ्याजवळ नव्हती. “ठाऊक नाही, दादा,” मी म्हणालो.

ते वाकले, पाण्यात आपले प्रतिबिंब पाहिल्यासारखे केले आणि म्हणाले, “पाणी आहे मात्र.”

उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पायऱ्या निसरड्या होत्या म्हणून असेल.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार सूचना. सोमवारी उद्यान बंद असते. सकाळी लवकर निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी वरची लेणी पाहून होतात. वानरांपुढे शिदोरी उघडू नये आणि त्यांना खाऊही घालू नये. पावसाळ्यात खडक शेवाळतो, तेव्हा वृद्धांना वर नेऊ नये. चौविहार पाळणाऱ्यांनी परतीची वेळ आधीच ठरवावी, रविवारी बोरिवलीच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी फार होते.

त्यानंतरच्या रविवारी गल्लीच्या तोंडाशी चार माठ बसले. त्यांची तिवई दादांनी आणली, वरचे छप्पर मी घातले. वहिनी रोज सकाळी पाणी गाळून भरून घेतात. संगमरवरी फरशीही भिंतीत बसवली आहे, परंतु ती अद्याप कोरी आहे. हमाल येतात, ओझे टेकवतात, पाणी पिऊन जातात. फरशीवर काय लिहिणार, हे आजवर त्यांच्यापैकी एकानेही विचारलेले नाही.