मूर्ती अडते कुठे?

गणपती जवळ आले की कॉलेजच्या कट्ट्यावर एक वाद ठरलेला. पीओपी की शाडू? एक जण पर्यावरणाची बाजू घेतो, दुसरा कारागिरांच्या पोटापाण्याची. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पण मूर्ती बनते कशी आणि कुठल्या टप्प्यावर किती वेळ जातो, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते या वादाचं उत्तर तिथेच आहे.

पेणमधला एखादा गणपतीचा कारखाना घ्या. आधी साचा, मग वाळवण, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. इंजिनीअरिंग आणि मॅनेजमेंटची मुलं ज्याला प्रोसेस मॉडेल म्हणतात, ते सुरू होतं हाच क्रम कागदावर मांडून. प्रत्येक टप्प्यापुढे दोन आकडे लिहायचे: किती वेळ लागतो आणि एका वेळी किती मूर्ती मावतात.

पीओपी साच्यात काही मिनिटांत घट्ट होतं. शाडूची मूर्ती वाळायला मात्र दिवस जातात, पावसाळ्यात तर जास्तच. समजा, फळ्यांवर ४०० मूर्ती मावतात आणि वाळायला ८ दिवस लागतात. म्हणजे साच्यातून रोज सरासरी ५० मूर्तीच काढता येतील. पाऊस लागला, वाळवण १६ दिवसांवर गेलं, की रोजच्या फक्त २५. साच्यावर आणखी चार माणसं बसवली तरी हा आकडा हलत नाही. पुस्तकात याला ‘लिटल्स लॉ’ म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध करून दाखवला.

आता धोरणाकडे बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तींसाठी पीओपी नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून चर्चा फिरते ती बंदी आणि विरोधाभोवती. मुंबई महापालिका मूर्तिकारांना शाडू माती मोफत देते, मंडपाला जागाही देते. माती मिळाली तर खर्च वाचतो, हे खरंच. पण काम मातीपाशी अडतच नाही, ते अडतं वाळवणापाशी. म्हणून मला जागेची मदत जास्त मोलाची वाटते. कोरडी शेड, फळ्या, पंखे यांना पैसा हवा. आणि काम काही महिने आधी सुरू करायचं तर विक्री होईपर्यंत पैसा अडकून राहतो, त्यासाठी स्वस्त कर्ज हवं. एवढं न करता ‘शाडू वापरा’ म्हणणं सोपं आहे.

कुणी म्हणेल, कला अशी आकड्यांत बसते का? नाही बसत. आखणी करणाऱ्याच्या हाताला स्टॉपवॉच लावू नयेच. पण वाळवण लांबलं की शेवटच्या आठवड्यात सगळ्या मूर्ती एकदम त्याच हातांसमोर येऊन पडतात. मॉडेलचा उपयोग ती घाई टाळायला आहे.

दरवर्षी फायनल इयरला आपल्याकडे कितीतरी प्रोजेक्ट होतात. त्यात कल्पनेतल्या कंपनीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये टाकून रंगीत ग्राफ काढले जातात, सबमिशन झालं की विषय संपतो. त्याऐवजी चार जणांनी एखाद्या कारखान्यात पावसाआधी आठवडाभर आणि पावसात आठवडाभर वही घेऊन बसावं. आधी कारागिरांना विचारावं, मग मोजावं आणि तो कागद त्यांच्याच हातात द्यावा. शेडसाठी बँकेत जाताना त्यांना तो दाखवता येईल.