प्रदर्शनातील नौका आणि समुद्रातील नौका

खोल समुद्रात मासेमारी करण्यासाठी केबिनची मोठी यांत्रिक नौका घ्यावी, असा विचार कोकण किनाऱ्यावरील अनेक मच्छीमार कुटुंबांत व सहकारी संस्थांत आज चालू आहे. किनाऱ्यालगत नौकांची दाटी झाली आहे, आणि बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पट्ट्यात सर्वांचे पोट भरेनासे झाले आहे. शासनाचेही या कामी उत्तेजन आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेसाठी ठरावीक किमतीच्या ४० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व महिला यांना ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूरच्या सागरी क्षेत्रातील मासेमारीचे जे नियम जाहीर केले, त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे.

अशा वेळी कोची, मुंबई यांसारख्या बंदरांच्या शहरांत नौकांची प्रदर्शने भरली, की संस्थेचे पंच तेथे जातात. निरनिराळ्या कारखान्यांच्या नौका एकाच जागी पाहावयास मिळतात, हा मोठाच लाभ आहे. परंतु पाहून येणे वेगळे आणि तेथेच सौदा ठरवून येणे वेगळे. साहाय्य वजा जाता उरलेली रक्कम कर्जाची असते, आणि ते कर्ज वर्षानुवर्षे मासळीतूनच फेडावयाचे असते.

बैलबाजारात गेलेला शेतकरी रंगावर व शिंगांवर भुलत नाही. तो दात पाहतो, बैलास चालवितो, शक्य तर औताला जुंपून पाहतो. नौकेच्या बाबतीत मात्र हा शहाणपणा अनेकदा मागे पडतो, कारण प्रदर्शनात नौका जमिनीवर उभी असते. तिचा रंग, केबिनची उंची, आतील बिछाने आणि इंजिनाची अश्वशक्ती एवढेच डोळ्यांना दिसते. दिसते तसे नसते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. समुद्रावर जे उपयोगी पडावयाचे, त्यातील बरेचसे जमिनीवर दिसतच नाही.

पहिला प्रश्न तोलाचा. केबिन जितकी उंच व जड, तितका नौकेचा भार वर सरकतो. त्यातच केबिनच्या छपरावर जाळी व पाण्याच्या टाक्या चढविल्या, तर लाटेने कललेली नौका सरळ होण्यास वेळ लागू लागतो. संथपणे डुलणारी नौका बसणाऱ्यास सुखाची वाटते. परंतु तो संथपणा प्रमाणाबाहेर असला, तर तोच धोक्याचा इशारा होय. चटकन् सरळ होणारी नौका अंगाला त्रास देते, पण वादळात तीच तारून नेते. फायबरची नौका लाकडी नौकेपेक्षा वजनाने हलकी असते, म्हणून तिच्या तळाशी पुरेसे वजन ठेवले आहे किंवा नाही, हे विचारून घेतले पाहिजे. तसेच मासळीचा खण एकसंध नसावा, त्यात फळ्यांचे कप्पे असावेत. खणात मोकळी हलणारी मासळी व पाणी लाटेबरोबर एका बाजूस धाव घेते, आणि नौकेचा तोल जातो. फळीवर चढलेले पाणी लगेच बाहेर पडेल अशी पुरेशी दारे कठड्यास हवीत.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. अधिक अश्वशक्ती म्हणजे अधिक चांगली नौका, हा समज खर्चात पाडणारा आहे. पाणी कापीत जाणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास १.३४ ने गुणावे, म्हणजे तिचा सोयीचा कमाल वेग ताशी सागरी मैलांत कळतो. ३६ फुटांच्या नौकेस तो सुमारे ८ मैल येतो, ४९ फुटांच्या नौकेस सुमारे साडेनऊ मैल. याच्या पुढे इंजिन कितीही मोठे बसविले, तरी नौका पुढे लाट लोटीत राहते आणि डिझेल मात्र जळत जाते. ट्रॉल जाळे ओढणाऱ्या नौकेस ओढीसाठी शक्ती लागते, हे खरे. परंतु गिलनेट सोडून वाट पाहणाऱ्या नौकेने तिच्याशी अश्वशक्तीची चढाओढ करण्याचे कारण नाही. म्हणून विक्रेत्यास वेग विचारण्याऐवजी, भरलेली नौका नेहमीच्या चालीने चालविली असता तासाला किती लिटर डिझेल लागते, हे विचारावे.

तिसरा प्रश्न मासळीच्या खणाचा, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आपल्या उष्ण हवेत मासळीच्या वजनाइतका बर्फ बरोबर न्यावा लागतो. तेव्हा दहा टनांच्या खणात दहा टन मासळी येईल, असा हिशेब कोणी मांडला तर तो चुकलाच म्हणावयाचा. खणाच्या भिंतींत उष्णता अडविणारे आवरण किती जाडीचे आहे, इंजिनाकडील भिंतीस ते अधिक आहे की नाही, आणि वितळलेले पाणी काढण्याची सोय काय, हे पाहावे. पापलेट, सुरमई व घोळ यांचा भाव ताजेपणावर ठरतो. आठव्या दिवशी मऊ पडलेली मासळी घेऊन बंदरास लागणाऱ्या नौकेची केबिन कितीही देखणी असली, तरी तिच्या मालकाच्या हाती काय उरणार?

याचा अर्थ केबिन ही चैन आहे, असा नव्हे. आठ-दहा दिवस समुद्रावर राहणाऱ्या तांडेलास व खलाशांस कोरडी निजण्याची जागा, स्वयंपाकाची सुरक्षित सोय व शौचकूप ही हवीतच. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात होतात. बिनतारी संदेशयंत्रास व दिशादर्शकास लाटेपासून आडोसा लागतो. बिनतारी संपर्काच्या पलीकडील नौकांशीही निरोपांची देवाणघेवाण व्हावी, म्हणून एक लाख नौकांवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविण्याच्या कार्यक्रमाचा प्रारंभ पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाला. केबिन हवी ती अशा कामांसाठी. ती जाळे ओढण्याच्या जागेच्या आड येऊ नये, आणि तांडेलास तीतून चहूबाजूंचे दिसावे, एवढे पाहिले म्हणजे तिची तुलना पुरी झाली.

जो मच्छीमार पहाटे जाऊन सायंकाळी परततो, ज्याच्या गावास धक्का नाही आणि ज्याची खाडी ओहोटीला कोरडी पडते, त्याने अशी नौका घेऊच नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तिचा तळ त्या खाडीत टेकेल, तिचा खर्च त्याच्या मासळीला पेलणार नाही. साहाय्य मिळते एवढ्यासाठी घेतलेली नौका दाराशी बांधलेल्या हत्तीसारखी होते. फायबरच्या नौकेस लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचे भय नाही, परंतु लाकडी नौका गावचा सुतार दुरुस्त करतो, हाही विचार गावागावाने वेगवेगळा करावयाचा आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम येथेच सुरू होते. प्रदर्शनास जाणाऱ्या मंडळींत पैसा देणाऱ्यांबरोबर सुकाणू धरणारा तांडेल व इंजिन सांभाळणारा माणूस असावा, असा त्यांनी आग्रह धरावा. वरील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि प्रत्येक नौकेची उत्तरे शेजारी शेजारी मांडावीत. त्याच कारखान्याची नौका दोन-तीन हंगाम चालविलेल्या मालकास बंदरावर गाठावे; तो विक्रेत्याहून अधिक सांगेल. शेवटी, बर्फ, पाणी, डिझेल व जाळी चढवून नौका समुद्रात फिरवून पाहिल्याशिवाय अखेरचा हप्ता देऊ नये, आणि ही अट करारनाम्यातच घालावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तो काळ हिशेबाला आणि चौकशीला पुरेसा आहे. सौदा मात्र तांडेलाने चाचणीनंतर होकार दिल्यावरच पुरा करावा.